डोमेन मार्केटप्लेसमधील नावे तपासणारे टूल आणि एआय एजंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे टूल आपल्या एजंटला, म्हणजे माणसाच्या वतीने कामे करणाऱ्या एआय प्रोग्रामला, जोडणारे पणजी, पर्वरी आणि मडगावचे प्रोग्रामर, तसेच त्या एजंटकडून उत्तर घेऊन पुढचा निर्णय करणारे होमस्टेचालक, काजू व्यापारी आणि दुकानदार यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गेला असेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. टूलच्या रचनेत रोमन लिपीत असलेली तांत्रिक नावे या पानावर देवनागरीत लिहिली आहेत.

१. हे टूल नेमके काय करते?

एखादे डोमेन नाव कोणत्या मार्केटप्लेसवर विक्रीसाठी मांडले आहे का, आणि असल्यास कोणत्या पद्धतीने व किती किमतीला, एवढेच हे टूल सांगते. कोणीतरी आधीच नोंदवलेले नाव पुढे विकायला काढले, की ते सेडो किंवा आफ्टर्निक यांसारख्या दुय्यम बाजारांच्या यादीत येते. टूल अशा याद्यांमध्ये नाव पाहते, रजिस्ट्रीच्या, म्हणजे ‘डॉट कॉम’सारख्या एखाद्या विस्तारातील सगळ्या नावांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीशी ते ताडून बघते आणि एजंटला ठरावीक रचनेत उत्तर देते. नाव विकत घेणे, बोली लावणे किंवा विक्रेत्याला निरोप धाडणे यांपैकी काहीही ते करत नाही (प्रश्न १७ पाहा).

२. ‘नॉट लिस्टेड’ असे उत्तर आले, म्हणजे नाव मोकळे आहे असे समजायचे का?

नाही. या पानावरील एकच उत्तर वाचायचे असेल, तर ते हे वाचावे. जमीन विक्रीच्या जाहिरातींत एखाद्या प्लॉटचा उल्लेख नाही, म्हणून तो प्लॉट बेवारस ठरत नाही. गोव्यातील जमीननोंदीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर त्याचा कब्जेदार असतोच. डोमेनचेही तसेच आहे. मार्केटप्लेसची यादी म्हणजे जाहिरात, आणि रजिस्ट्रीची नोंद म्हणजे उतारा.

म्हणूनच उत्तरात दोन वेगळे रकाने ठेवले आहेत. पहिला विक्रीचा: त्यात ‘लिस्टेड’, ‘नॉट लिस्टेड’ किंवा ‘अननोन’ यांपैकी एक मूल्य येते. दुसरा नोंदणीचा: त्यात ‘रजिस्टर्ड’, ‘नॉट फाउंड’, ‘रिझर्व्ह्ड’ किंवा ‘अननोन’ येते. ‘नॉट लिस्टेड’ आणि ‘रजिस्टर्ड’ एकत्र आले, तर नाव कोणाच्या तरी मालकीचे आहे आणि आम्ही पाहतो त्या बाजारांत ते विक्रीला नाही. ‘नॉट लिस्टेड’ आणि ‘नॉट फाउंड’ एकत्र आले, तर नाव नव्याने नोंदवता येण्याची शक्यता आहे, परंतु तीही शक्यताच. खात्री रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावे नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, नोंदणीच्या क्षणीच होते. काही नावे रजिस्ट्रीने राखून ठेवलेली असतात, तर काहींना रजिस्ट्रीच प्रीमियम दर लावते, आणि तो दर काही वेळा दरवर्षीच्या नूतनीकरणालाही लागू राहतो.

‘अननोन’ हे मूल्य आम्ही मुद्दाम ठेवले आहे. बाजाराने उत्तरच दिले नाही, तेव्हा ‘नाही’ म्हणणे हे खोटे सांगणे होय.

३. एजंट इंटरनेटवर स्वतः शोधू शकतो, मग वेगळे टूल कशाला?

कारण एजंटला सहज मिळणाऱ्या तिन्ही मार्गांत खोट आहे. भाषा-मॉडेलची स्वतःची माहिती त्याच्या प्रशिक्षणाच्या तारखेपाशी थांबलेली असते, आणि नावांची विक्री तर रोज चालू असते. वेबपानावर ‘हे डोमेन विकणे आहे’ असा मजकूर दिसला, तरी ते पान कोणी कधी उभे केले आणि विक्री अजून चालू आहे की नाही, हे पानावरून कळत नाही. तिसरा मार्ग डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून संगणकाचा पत्ता शोधून देणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेत, नाव आहे का ते पाहण्याचा. तो अनेक प्रोग्रामरांना पुरेसा वाटतो, पण तोच सर्वांत जास्त फसवतो. नोंदवलेल्या नावाला नेमसर्व्हर लावलेलेच नसले किंवा ते होल्डवर ठेवलेले असले, तर ते त्या विस्ताराच्या झोनमध्ये, म्हणजे चालू नावांच्या यादीत, दिसत नाही आणि डीएनएस ‘असे नाव नाही’ असे उत्तर देतो. मालक मात्र असतो, आणि त्याने वर्षाचे पैसेही भरलेले असतात.

४. टूल एजंटला कसे जोडायचे?

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी (एआय मॉडेलला बाहेरची टूल जोडण्याची ठरावीक पद्धत), समजणाऱ्या कोणत्याही क्लायंटला ते जोडता येते. हा खुला प्रोटोकॉल अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केला आणि त्यातील संदेश जेसन-आरपीसी २.० या रचनेत जातात. क्लायंट आधी टूलची यादी मागतो. त्या यादीत टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि इनपुटची जेसन स्कीमा, म्हणजे काय कोणत्या रूपात पाठवायचे याची रचना, असते. मॉडेल ते वर्णन वाचूनच टूल कधी वापरायचे हे ठरवते. एमसीपी वापरायचे नसेल, तर हेच उत्तर साध्या एचटीटीपी विनंतीनेही मिळते. रकाने दोन्हीकडे सारखेच आहेत.

५. टूलचे वर्णन इतके लांब का ठेवले आहे? दोन ओळींत भागले नसते का?

पहिल्या आवृत्तीत ते दोन ओळींचेच होते. ‘डोमेन नाव द्या, ते मार्केटप्लेसवर आहे की नाही ते मिळवा’ असे आम्ही लिहिले होते, आणि वाचणारा माणूस असता तर ते पुरलेही असते. पेडणे तालुक्यात किनाऱ्याजवळ होमस्टे चालवणाऱ्या एका बाईंनी त्यांच्या भाच्याने बनवलेल्या एजंटला विचारले की अमुक नाव मिळेल का. टूलने रिकामी यादी परत केली. एजंटने त्या रिकाम्या यादीचा अर्थ ‘नाव उपलब्ध आहे’ असा लावला आणि तसे अगदी ठामपणे सांगितले. बाईंनी फाटकावरचा फलक रंगवून घेतला, खाली संकेतस्थळाचा पत्ताही घातला. नाव अनेक वर्षांपूर्वी दुसऱ्याने नोंदवलेले होते आणि विक्रीला नव्हते. फलकाची खालची पट्टी पुन्हा रंगवावी लागली. दोष एजंटचा नव्हता. रिकाम्या यादीचा अर्थ काय, हे आम्ही कुठेही लिहिले नव्हते.

माणूस कागदपत्र वाचताना आपल्या अनुभवाने रिकाम्या जागा भरतो, आणि बहुतेक वेळा बरोबर भरतो. मॉडेलही त्या भरते, पण कुठल्या तरी दुसऱ्या टूलच्या सवयीने. त्यामुळे एजंटसाठी लिहिलेल्या वर्णनात टूल काय करते यापेक्षा उत्तराचा अर्थ काय होत नाही, हे लिहिणे अधिक महत्त्वाचे आहे, अशी आमची पक्की धारणा झाली आहे. आताच्या वर्णनात प्रत्येक मूल्याचा अर्थ, त्या मूल्यावरून काढू नये असा निष्कर्ष आणि वापरकर्त्याला सांगण्यासाठी एक नमुना वाक्य आहे. ‘नॉट लिस्टेड’साठी ते वाक्य असे आहे: ‘हे नाव तपासलेल्या बाजारांत विक्रीला आढळले नाही, ते नोंदणीसाठी मोकळे आहे असा याचा अर्थ नाही.’ आता रिकामी यादी आम्ही कधीच परत करत नाही; प्रत्येक नावामागे स्पष्ट मूल्य जाते.

याची किंमतही आहे: टूलचे वर्णन एजंटच्या संदर्भात, म्हणजे मॉडेल एका वेळी वाचू शकते त्या मजकुरात, जागा घेते, आणि दहा टूल जोडली असतील तर ती जागा लहान नसते. म्हणून रकान्यांचे तपशील स्कीमाच्या आत त्या त्या रकान्यापाशी ठेवले आहेत आणि मुख्य वर्णनात फक्त चुकीच्या निष्कर्षांचा बंदोबस्त ठेवला आहे. वर्णन तोडायचे असेल तर बाकी काहीही तोडावे, तो भाग तोडू नये.

६. नाव कोणत्या स्वरूपात पाठवायचे?

फक्त डोमेन पाठवावे. पुढचे ‘एचटीटीपीएस’, ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ आणि मागचा पानाचा मार्ग टूल काढून टाकते, मोठी अक्षरे लहान करते आणि प्रत्यक्ष कोणते नाव तपासले ते उत्तरात पुन्हा लिहून देते. एजंटने वापरकर्त्याला तेच नाव दाखवावे. उपडोमेन पाठवले, तर टूल ते नोंदणीच्या पातळीवर आणते, आणि इथे जरा सांभाळावे लागते: ‘डॉट को डॉट इन’मध्ये नोंदणी तिसऱ्या पातळीवर होते, तर २००५ पासून थेट ‘डॉट इन’खालीही नावे नोंदवता येतात. ही सीमा ठिपके मोजून ठरवता येत नाही. त्यासाठी पब्लिक सफिक्स यादी, म्हणजे नावे कशाखाली नोंदवली जातात याची सार्वजनिक यादी, वापरली आहे. ‘डॉट गव्ह डॉट इन’खालील नावे सरकारी संस्थांसाठीच असल्याने ती ‘रिझर्व्ह्ड’ म्हणून परत येतात.

७. आमच्या गावाचे नाव रोमनमध्ये तीन प्रकारे लिहितात. टूल सगळे प्रकार आपोआप शोधते का?

शोधत नाही, आणि ते जाणूनबुजून तसे ठेवले आहे. गोव्यात हा प्रश्न रोजचा आहे. पणजी कोणी ‘पी-ए-एन-ए-जे-आय’ असे लिहितो, कोणी ‘पी-ए-एन-जे-आय-एम’ असे, तर पोर्तुगीज कागदांत तेच ‘पी-ए-एन-जी-आय-एम’ असते. मडगावचे स्पेलिंग रेल्वे स्थानकाच्या फलकावर ‘डी’ने येते, तर गावातल्या दुकानांच्या पाट्यांवर ‘आर’ने. डिचोली रोमनमध्ये ‘बी’ने सुरू होते, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. सांखळीत ‘क्यू’ आहे, केप्यात ‘क्यू’ आहे, आणि शागोती हा पदार्थ तर ‘एक्स’ने सुरू होतो. म्हापशाच्या जुन्या स्पेलिंगमध्ये खाली शेपटी असलेला ‘सी’ आहे. ते अक्षर आले की नाव साध्या रोमन नावांच्या गटातून निघून आंतरराष्ट्रीयीकृत नावांच्या गटात जाते (प्रश्न ८ पाहा).

टूलने हे सगळे प्रकार स्वतःहून तपासून एकच उत्तर दिले असते, तर कोणते स्पेलिंग विक्रीस आहे आणि कोणते नाही, याचा घोळ झाला असता. म्हणून एजंटने प्रत्येक स्पेलिंग वेगळे नाव म्हणून एका विनंतीत यादीने पाठवावे. प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. कोणते प्रकार पाठवायचे, हे वापरकर्त्याला विचारून ठरवणे उत्तम. ज्या गावात माणूस राहतो त्या गावाचे स्पेलिंग त्याच्या वीजबिलावर, बँकेच्या पुस्तकावर आणि बसच्या पाटीवर वेगवेगळे असू शकते, हे त्यालाच ठाऊक असते, मॉडेलला नसते.

८. देवनागरी नाव शोधता येते का?

येते. देवनागरीतील ‘डॉट भारत’ २०१४ मध्ये सुरू झाले. ‘डॉट इन’प्रमाणे तेही निक्सी या रजिस्ट्री चालवणाऱ्या भारतीय संस्थेकडे आहे, आणि मराठी व कोंकणी दोन्ही भाषांतील नावे त्यात बसतात. डीएनएस मात्र आतून रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेषा यांवरच चालते, म्हणून देवनागरी नावाचे पनीकोड नावाच्या पद्धतीने रूपांतर होते. २००३ च्या आरएफसी ३४९२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ती पद्धत ठरवून दिली आहे. असे रूप ‘एक्स-एन’ आणि दोन जोडरेषा यांनी सुरू होते. टूल दोन्ही रूपे स्वीकारते आणि उत्तरातही दोन्ही देते.

दोन ठिपक्यांमधल्या भागाची मर्यादा ६३ अक्षरांची आहे, पण ती रूपांतरित नावाला लागू होते. त्यामुळे डोळ्यांना आटोपशीर वाटणारे देवनागरी नावही कधी कधी मर्यादेबाहेर जाते. अशा वेळी ‘नाव अवैध’ अशी चूक येते आणि त्यासोबत रूपांतरित लांबीही येते. दुय्यम बाजारांत देवनागरी नावांची नोंद विरळ आहे, तेव्हा ‘नॉट लिस्टेड’ हेच उत्तर बहुधा येईल. ते प्रश्न २ प्रमाणेच वाचावे.

९. दिसायला तंतोतंत तेच देवनागरी नाव दोनदा पाठवले आणि उत्तरे वेगळी आली. असे का?

कारण ती दोन नावे संगणकाच्या दृष्टीने एक नव्हती. सत्तरीतील एका बागायतदाराच्या नावात ‘ॲग्रो’ हा शब्द होता, त्याचे उदाहरण घेऊ. मराठीतला हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, एकच स्वतंत्र अक्षर म्हणून आहे, यू+०९७२. तो २००८ च्या ५.१ आवृत्तीत आला. परंतु जुन्या कळफलकांवर तोच आवाज ‘अ’ टंकून त्यावर चंद्र देऊन लिहिला जातो, म्हणजे यू+०९०५ आणि त्यापुढे यू+०९४५. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशनही, म्हणजे समान रूपे एक करण्याची प्रक्रियाही, या दोघांना एक करत नाही, म्हणून पनीकोड वेगळा निघतो आणि नाव वेगळे ठरते.

अशी जोडी आढळली, की टूल उत्तरात इशारा जोडते आणि दुसरे रूप कोणते तेही सांगते, मात्र पाठवलेले नाव स्वतः बदलत नाही. कोणते अक्षर प्रत्यक्ष नोंदवता येते, हे रजिस्ट्रीच्या अक्षरतक्त्यावर अवलंबून असते. हीच तऱ्हा रोमन ‘ए’ आणि हुबेहूब तसाच दिसणारा सिरिलिक ‘ए’ यांच्यात होते. तिथे तर ती फसवणुकीसाठी वापरली जाते, म्हणून मिश्र लिपीच्या नावावर टूल वेगळा, अधिक कडक इशारा देते.

१०. टूलने किंमत ‘२५००००’ दिली, पण मार्केटप्लेसवर २,५०० डॉलर दिसतात. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. किंमत नेहमी चलनाच्या सर्वांत लहान एककात पूर्णांक म्हणून येते, आणि शेजारी आयएसओ ४२१७ चा तीन अक्षरी चलनसंकेत असतो. २५०००० सेंट म्हणजे २,५०० डॉलर. असे करण्याचे कारण विरामचिन्हांत आहे. आपण दीड लाख १,५०,००० असे लिहितो, अमेरिकन विक्रेता १५०,००० असे लिहितो, आणि जर्मन विक्रेता अडीच हजार युरो २.५०० असे लिहितो. तो शेवटचा आकडा मजकूर म्हणून एजंटकडे गेला, तर अडीच हजारांचे नाव अडीच युरोला मिळते अशी बातमी वापरकर्त्याला मिळू शकते. जपानी येनला लहान एककच नाही, म्हणून सर्वत्र शंभराने भागू नये. उत्तरात दशांशस्थळांची संख्या दिलेली असते, ती वापरावी.

टूल रुपयांत रूपांतर करत नाही. तो दर बँक ठरवते, आणि व्यवहाराच्या दिवशी तो वेगळा असतो. एस्क्रोचे (व्यवहार पूर्ण होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थाचे) शुल्क, कर आणि पुढील वर्षांचे नूतनीकरण हेही या आकड्यात धरलेले नसते, असे एजंटने किमतीसोबत सांगावे.

११. किमतीचा रकाना रिकामा आहे. याचा अर्थ काय?

विक्रेत्याने किंमत जाहीर केलेली नाही आणि तो प्रस्तावाची वाट पाहत आहे. विक्रीची पद्धत ‘मेक ऑफर’ असेल, तर किमान प्रस्तावाचा वेगळा रकाना असू शकतो. किमान प्रस्ताव ही विक्रीची किंमत नव्हे. रिकामा रकाना शून्य म्हणून कधीही वाचू नये.

१२. एकाच नावाच्या दोन बाजारांत दोन किमती दिसतात. खरी कोणती?

दोन्ही खऱ्या असू शकतात. विक्रेता एकच नाव अनेक बाजारांत मांडतो, आणि बाजारही आपल्या याद्या रजिस्ट्रारांच्या शोधपानांवर पुरवतात. एका ठिकाणी दलाली जास्त असते म्हणून किंमत चढवलेली असते, तर दुसऱ्या ठिकाणी विक्रेता जुनी किंमत बदलायला विसरलेला असतो. टूल या दोहोंतून एक निवडत नाही. प्रत्येक बाजाराची नोंद वेगळी देते आणि ती शेवटची केव्हा पाहिली, ती वेळही देते. ‘सर्वांत स्वस्त’ एवढेच सांगून एजंटने गप्प बसू नये. नोंद जुनी असेल, तर आधी पडताळणी करण्याचा सल्ला द्यावा.

१३. लिलाव केव्हा संपतो, यात आमची गल्लत झाली. वेळ कोणती धरायची?

उत्तरातील सर्व वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) असतात आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. १४ तारखेला २०:०० असे उत्तर आले, तर आपल्याकडे ती १५ तारखेची पहाटपूर्व दीड वाजताची वेळ होय. तारीखच बदलत असल्याने ‘१४ ला रात्री आठ’ असे सांगणारा एजंट माणसाला साडेपाच तास आधीच निराश करतो. शिवाय अनेक बाजारांत शेवटच्या काही मिनिटांत बोली आली तर लिलाव लांबतो, तेव्हा संपण्याची वेळ ही लवकरात लवकरची वेळ समजावी. लिलावातील चालू बोली टूल किमतीच्या रकान्यात घालत नाही. तिचा रकाना वेगळा आहे.

१४. नावाची मुदत गेल्या आठवड्यात संपली. आता ते मोकळे झाले का?

बहुधा नाही. ‘डॉट कॉम’सारख्या बहुतेक सर्वसाधारण विस्तारांत मुदत संपल्यावर मालकाला नूतनीकरणासाठी ४५ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. रजिस्ट्रारने नाव काढून टाकल्यावर ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ असतो, ज्यात मालक जास्त शुल्क भरून ते परत मिळवू शकतो, आणि त्यानंतर ५ दिवस नाव हटवण्याच्या रांगेत असते. दरम्यान रजिस्ट्रार ते नाव लिलावातही काढू शकतो. या काळात टूल नोंदणीच्या रकान्यात ‘रजिस्टर्ड’ आणि शेजारी नेमका टप्पा दाखवते. ‘डॉट इन’ आणि इतर देशनिहाय विस्तारांचे नियम स्वतंत्र असतात, तिथे ‘डॉट कॉम’चे दिवस मोजू नयेत.

१५. नावाच्या मालकाचे नाव आणि फोन नंबर टूल का देत नाही?

कारण ते द्यावे असे आम्हाला वाटत नाही, आणि बहुतेक वेळा ते उपलब्धही नसते. युरोपचा जीडीपीआर हा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाल्यापासून नोंदणीच्या सार्वजनिक माहितीतून व्यक्तींचे तपशील झाकले जातात. नोंदणीची माहिती पाहण्याच्या जुन्या हूइझ सेवेची जागा आता आरडॅप या नव्या सेवेने घेतली आहे. डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या कराराखालील सर्वसाधारण विस्तारांना २८ जानेवारी २०२५ पासून हूइझ पुरवणे बंधनकारक राहिलेले नाही. मालकाशी बोलायचे असेल, तर मार्केटप्लेसची संपर्काची सोय किंवा रजिस्ट्रारचा संपर्क-अर्ज वापरावा.

१६. आम्ही नाव शोधले आणि नंतर ते दुसऱ्याने घेतले. टूलमधून शोध फुटतो का?

ही शंका जुनी आहे आणि ती रास्तही आहे. आयकॅनच्या सुरक्षा व स्थैर्य सल्लागार समितीने २००७ मध्ये याच विषयावर सूचना प्रसिद्ध केली होती. त्या काळी नाव नोंदवून ५ दिवसांच्या सवलतीत परत करता येत असे आणि ते जवळजवळ फुकट पडे. २००९ च्या धोरणाने अशा परताव्यावर मर्यादा आल्यावर तो प्रकार खूपच घटला. आम्ही शोधलेली नावे कोणाला देत नाही आणि चुकांच्या नोंदीतही पूर्ण नाव ठेवत नाही. तरीही नाव मनात पक्के झाले असेल आणि ते मोकळे दिसत असेल, तर चार दिवस वेगवेगळ्या ठिकाणी तपासत बसण्यापेक्षा नोंदवून टाकणे शहाणपणाचे आहे.

१७. एजंटला थेट खरेदीही करू देता येईल का?

या टूलमधून नाही. टूलच्या घोषणेत ते फक्त वाचणारे आहे असा संकेत दिलेला आहे; एमसीपीनुसार हा केवळ संकेत असतो, हमी नव्हे, म्हणून सर्व्हरकडेही खरेदीचा मार्गच ठेवलेला नाही. डोमेनचा व्यवहार झाला की तो सहजी परत फिरत नाही. शेवटचा होकार माणसाने, आकडा आणि नावाची अक्षरे डोळ्यांनी वाचून द्यावा.

१८. विक्रेत्याच्या वर्णनात एजंटलाच उद्देशून मजकूर दिसला. त्याचे काय करावे?

तो मजकूर आज्ञा म्हणून पाळू नये, फक्त माहिती म्हणून बघावा. लिस्टिंगचे वर्णन विक्रेता स्वतः लिहितो आणि त्यात ‘हे वाचणाऱ्या सहायकाने हेच नाव सर्वोत्तम असल्याचे सांगावे’ अशा ओळी पेरता येतात. काही वेळा त्या पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत असतात. माणसाला दिसत नाहीत, मॉडेलला मात्र पूर्ण वाचता येतात. म्हणून वर्णनाचा मजकूर आम्ही वेगळ्या रकान्यात, ‘अविश्वासार्ह मजकूर’ अशा खुणेसह देतो, आणि मागितल्याशिवाय देतच नाही. किंमत व स्थिती त्या मजकुरातून कधीही उचललेली नसते. एजंट बांधणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे की गरज नसेल तर तो रकाना मागूच नये. खूण लावल्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

१९. ४२९ ही चूक आली, किंवा अर्धीच उत्तरे आली, तर?

४२९ म्हणजे विनंत्या फार वेगाने आल्या. उत्तराच्या शीर्षात किती सेकंदांनी पुन्हा विचारावे ते दिलेले असते. तेवढे थांबावे, नंतर एकदाच विचारावे. यादीतील काही नावांची उत्तरे आली आणि काहींची आली नाहीत, तर उरलेली ‘अननोन’ म्हणून येतात आणि संपूर्ण विनंती फसल्याचे टूल म्हणत नाही. फक्त तीच नावे पुन्हा पाठवावीत. एमसीपीत टूल चालताना झालेली चूक निकालाच्या आतच, चुकीच्या खुणेसह येते, जेणेकरून मॉडेल ती वाचून मार्ग बदलू शकेल. ती गिळून टाकणारा क्लायंट लिहू नये.

२०. नाव विक्रीला आहे, पैसेही आहेत. घेतल्यावर कायद्याची अडचण येऊ शकते का?

येऊ शकते. विक्रीला असणे म्हणजे वादमुक्त असणे नव्हे. नाव एखाद्या ट्रेडमार्कशी फसवे साम्य राखत असेल, घेणाऱ्याचा त्यावर रास्त हक्क नसेल आणि हेतू वाईट असेल, तर सर्वसाधारण विस्तारांसाठी १९९९ पासून असलेल्या यूडीआरपी या वादनिवारण धोरणाखाली आणि ‘डॉट इन’साठी आयएनडीआरपी या तशाच धोरणाखाली तक्रार होऊ शकते. गोव्यात याला आणखी एक बाजू आहे: फेणीला २००९ पासून भौगोलिक निर्देशांक आहे, तेव्हा तो शब्द असलेले नाव घेऊन दुसरेच मद्य विकण्याचा बेत असेल, तर आधी वकिलाला गाठावे. टूल यांपैकी काहीच तपासत नाही, आणि तपासले आहे असे एजंटनेही सुचवू नये.

२१. टूलचे उत्तर चुकीचे आढळले. आम्ही काय पाठवावे?

उत्तरातील विनंती क्रमांक, तपासलेले नाव जसेच्या तसे आणि वेळ, एवढे पाठवावे. वेळ भारतीय असेल तर तसे लिहावे. देवनागरी नाव असल्यास त्याचे पनीकोड रूप जरूर जोडावे, कारण संदेश फिरत फिरत येताना ‘ॲ’ बदललेला असतो (प्रश्न ९). मार्केटप्लेसच्या पानाचे छायाचित्र चालेल, पण एजंटने वापरकर्त्याला दिलेले अखेरचे वाक्यही सोबत हवे. टूलने बरोबर सांगितले आणि वाक्यात ते बिघडले, असे झाले असेल, तर दुरुस्ती आम्हाला टूलच्या वर्णनात करावी लागते, आणि ती आम्ही करतो.